निकेल-समतुल्य ग्रेड छापण्याआधी सल्फाइड निकेल मोजून दाखवा

कॅनडात शेअर नोंदवलेल्या खाण कंपनीला 'आमच्या साठ्यात इतक्या अब्ज डॉलरचा धातू आहे' असं जाहीर करता येत नाही. तिथली एनआय ४३-१०१ ही नियमावली जमिनीतल्या धातूची ढोबळ किंमत सांगायला मनाई करते. मनाई रास्त आहे. खडक फोडणं, दळणं, त्यातला धातू वेगळा करणं, वितळवणं आणि विकणं या प्रत्येक टप्प्यावर काही हिस्सा हातचा जातो, आणि उरलेल्यातून सगळा खर्च भागवायचा असतो. पण तीच कंपनी 'निकेल-समतुल्य ०.३९ टक्के' असा मथळा देऊ शकते. हा आकडा काढण्याची रीत अशी: तांबं, कोबाल्ट, पॅलेडियम, प्लॅटिनम यांची बाजारभावाने किंमत करायची, तिला निकेलच्या भावाने भागायचं आणि येईल ते निकेलच्या ग्रेडमध्ये, म्हणजे खडकातल्या निकेलच्या टक्केवारीत, मिळवायचं. म्हणजे ही धातूची ढोबळ किंमतच झाली, डॉलरऐवजी टक्क्यांत मांडलेली.

नियम याबाबत अगदी मुके नाहीत. सूत्र, धरलेले भाव आणि प्रत्येक धातूचा स्वतंत्र ग्रेड द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता, म्हणजे तिथली साठ्यांच्या अहवालांची नियमावली, रिकव्हरीचे, म्हणजे खडकातल्या धातूपैकी किती टक्के हाती येतो याचे, आकडेही मागते. तरीही शोधाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर तळटीपेत 'रिकव्हरी १०० टक्के धरली आहे' एवढं लिहून समतुल्य ग्रेड मथळ्यात छापलेला सर्रास दिसतो, आणि शेअरचा भाव हलतो तो मथळ्यावर. सल्फाइडमधलं, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या खनिजांतलं, निकेल वेगळं मोजल्याशिवाय आणि रिकव्हरीची चाचणी झाल्याशिवाय समतुल्य ग्रेड छापायला बाजार नियामकांनी मनाई करावी, असं माझं ठाम मत आहे. तोवर हे गणित गुंतवणूकदाराने स्वतः मांडावं. त्याला लागणारं अंकगणित शाळेतलंच आहे.

एक काल्पनिक, पण नेहमी आढळणाऱ्या धाटणीचा साठा घेऊ: मोठा, उघड्या खाणीचा, अल्ट्रामॅफिक, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोखंड भरपूर असलेल्या, खडकातला. निकेल ०.२५ टक्के, तांबं ०.०८ टक्के, कोबाल्ट ०.०१२ टक्के, पॅलेडियम टनाला ०.२५ ग्रॅम, प्लॅटिनम ०.१० ग्रॅम. गणितापुरते भाव धरू: निकेल टनाला १६,००० डॉलर, तांबं ९,०००, कोबाल्ट ३०,०००, पॅलेडियम आणि प्लॅटिनम दोन्ही ट्रॉय औंसाला १,०००. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमला सुमारे ३२ डॉलर. एका टन खडकात निकेल २.५ किलो, ४० डॉलरचं, तांबं ७.२ डॉलरचं, कोबाल्ट ३.६, पॅलेडियम ८, प्लॅटिनम ३.२. बेरीज ६२ डॉलर. निकेलच्या किलोमागे १६ डॉलरने भागलं की ३.८८ किलो येतं. मथळ्यातला ०.३९ टक्के हाच.

आता हाच टन कारखान्यातून जाऊ द्या. निकेलपैकी समजा ६० टक्के सल्फाइडमध्ये आहे आणि फ्लोटेशनमध्ये, म्हणजे दळलेल्या खनिजाचे कण फेसावर तरंगवून वेगळे करताना, त्यातलं ७५ टक्के हाती येतं. एकूण रिकव्हरी झाली ४५ टक्के, म्हणजे १.१२५ किलो. स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवणारा कारखाना, कॉन्सन्ट्रेटमधल्या, म्हणजे फ्लोटेशनमधून निघालेल्या धातुसमृद्ध भुकटीतल्या, सगळ्या धातूचे पैसे देत नाही. निकेलचे ७५ टक्के देतो असं धरू. पदरात पडले १३.५ डॉलर. तांब्याची रिकव्हरी ६५ टक्के आणि मोबदला ५० टक्के धरला तर २.३ डॉलर. कोबाल्टची रिकव्हरी ४० टक्के, मोबदला ३५ टक्के: अर्धा डॉलर. पॅलेडियमचे ५५ आणि ६० टक्क्यांनी २.७ डॉलर, प्लॅटिनमचे ४५ आणि ५० टक्क्यांनी ०.७. बेरीज १९.७ डॉलर. निकेल १२ टक्के असलेलं कॉन्सन्ट्रेट टनामागे ९.४ किलो निघेल. त्याची वाहतूक आणि प्रक्रिया टनाला २०० डॉलर धरली तर आणखी १.९ डॉलर वजा. खाणीच्या फाटकावर उरतात १७.८ डॉलर. ६२ पैकी २९ टक्के. निकेलच्या भावाने मोजलं तर हा ०.११ टक्क्यांचा साठा आहे.

खर्चाची बाजू बघा. एक टन खनिजामागे एक टन निरुपयोगी खडक हलवायचा आणि दर टनाला अडीच डॉलर धरले तर खोदाईचे ५ डॉलर. दळण आणि फ्लोटेशनचे ९, व्यवस्थापनाचे १.८. एकूण १५.८. टनामागे नफा २ डॉलर, तोही कर, व्याज, रॉयल्टी आणि भांडवल यांच्या आधीचा. वर्षाला २ कोटी टन दळले तर ४ कोटी डॉलर सुटतील. इतका मोठा कारखाना, खाण, वीज आणि टेलिंग्जचं, म्हणजे धातू काढून उरलेल्या गाळाचं, धरण उभं करायला १०० कोटी डॉलर सहज लागतात. व्याज शून्य धरलं तरी ते फिटायला २५ वर्षं. निकेलचा भाव १० टक्क्यांनी उतरला तर १.३५ डॉलर जातात आणि नफ्याचे ६५ सेंट उरतात. रिकव्हरी ४५ वरून ४० टक्क्यांवर आली तर दीड डॉलर जातो. मथळ्यातल्या ०.३९ मध्ये यातलं काहीही दिसत नाही.

यातला सगळ्यात निर्णायक आकडा म्हणजे ६० टक्के, सल्फाइडमधल्या निकेलचा वाटा. ड्युनाइट किंवा पेरिडोटाइट या खडकांत ऑलिव्हिन नावाचं सिलिकेट खनिज भरपूर असतं आणि त्याच्या स्फटिकाच्या जाळीतच ०.२ ते ०.४ टक्के निकेल बसलेलं असतं. फ्लोटेशनचं रसायन, म्हणजे झँथेट, सल्फाइडच्या पृष्ठभागाला चिकटून तो कण फेसाबरोबर वर आणतं. ऑलिव्हिनशी त्याला काही देणंघेणं नसतं. ते निकेल थेट टेलिंग्जमध्ये जातं. म्हणून 'सलग ३०० मीटर, ०.२५ टक्के निकेल' या वाक्याचा अर्थ 'आम्ही ड्युनाइटमध्ये बोअर मारला' एवढाच असू शकतो. असा खडक जगात अनेक ठिकाणी डोंगराएवढा पसरलेला आहे.

प्रयोगशाळेची नेहमीची चार-आम्लांची पद्धत सिलिकेटही विरघळवते, त्यामुळे तिच्यातून एकूण निकेल कळतं. अ‍ॅक्वा रेजिया जरा सौम्य असलं तरी ऑलिव्हिन आणि त्यापासून बनणाऱ्या सर्पेंटाइनमधलं बरंच निकेल तेही बाहेर काढतं, म्हणून त्याचा आकडा सल्फाइडचा म्हणून खपवू नये. सल्फाइडपुरतं मोजायचं तर अमोनियम सायट्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची किंवा ब्रोमिन-मिथेनॉलची निवडक पद्धत वापरतात. ही चाचणी महागही नाही आणि नवीनही नाही. बोअरच्या नमुन्यांची उरलेली भरड प्रयोगशाळेत पडून असतेच.

कंपनीने ही चाचणी दिली नसेल तर गंधकाचा आकडा शोधा. तो चार-आम्लांच्या तक्त्यात बहुधा असतो. पेंटलँडाइट या मुख्य निकेल-सल्फाइडमध्ये निकेल साधारण ३४ टक्के आणि गंधक ३३ टक्के, म्हणजे जवळजवळ समसमान. खडकात गंधक ०.०५ टक्के असेल तर पेंटलँडाइटच्या रूपात निकेल ०.०५ टक्क्यांहून फारसं जास्त असूच शकत नाही, मग एकूण निकेल कितीही सांगितलं जावो. सोबत पिऱ्होटाइट किंवा चाल्कोपायराइट ही लोखंडाची आणि तांब्याची सल्फाइडं असतील तर तीही गंधक खातात आणि ही मर्यादा आणखी खाली येते. सर्पेंटाइनीकरण झालेल्या खडकात हीझलवुडाइट हे दुसरं निकेल-सल्फाइड असू शकतं. त्यात निकेल ७३ टक्के आणि गंधक २७ टक्के, तेव्हा तिथे गंधकाच्या २.७ पट निकेल शक्य आहे. अवारुइट ही निकेल-लोखंडाची नैसर्गिक मिश्रधातू मात्र गंधकाविना असते आणि चुंबकाला चिकटते. तिचा दावा असेल तर डेव्हिस ट्यूबने केलेल्या चुंबकीय विलगीकरणाचे आकडे मागावेत. गंधकाची ही एका ओळीची पडताळणी कमी ग्रेडच्या निकेल प्रकल्पांपैकी किती तरी दावे पहिल्याच दिवशी बाजूला काढते.

रिकव्हरीबद्दल आणखी एक चूक अहवालांत वारंवार दिसते: सगळ्या साठ्याला एकच टक्केवारी लावणं. वरच्या उदाहरणात टेलिंग्जमध्ये सुमारे ०.१४ टक्के निकेल जातं, आणि त्यातलं बहुतेक सिलिकेटमधलं किंवा फार बारीक कणांतलं असल्याने ग्रेड घसरला तरी हा आकडा फारसा घसरत नाही. म्हणजे ०.२५ टक्क्यांच्या खनिजाची रिकव्हरी ४४ टक्क्यांच्या आसपास, पण ०.१८ टक्क्यांच्या खनिजाची जेमतेम २२. अहवालात कट-ऑफ, म्हणजे साठ्यात धरायचा किमान ग्रेड, ०.१५ टक्के असेल आणि सगळीकडे ४५ टक्के रिकव्हरी लावली असेल तर साठ्याच्या कडेचे कोट्यवधी टन केवळ गणिताने नफ्यात आणलेले असतात. ग्रेडनुसार बदलणारं रिकव्हरीचं समीकरण दिलं आहे का, आणि ते किती नमुन्यांवर, साठ्याच्या कोणकोणत्या भागांतून घेतलेल्या नमुन्यांवर बेतलं आहे, हे आधी पाहावं. एकाच समृद्ध पट्ट्यातून निवडलेल्या नमुन्याची चाचणी साऱ्या साठ्याबद्दल काही सांगत नाही.

कॉन्सन्ट्रेट विकलं जाईल का, हा प्रश्नही लगेच विचारायला हवा. टाल्क हे मऊ मॅग्नेशियम-सिलिकेट सहज तरंगतं आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड वाढवतं. स्मेल्टरची मळी घट्ट होते म्हणून दंड लागतो किंवा माल नाकारला जातो. ग्वार गम किंवा सीएमसी (सेल्युलोजपासून केलेलं रसायन) घालून टाल्क दाबता येतं, पण त्यासोबत निकेलचीही थोडी रिकव्हरी जाते. आर्सेनिक हा दुसरा शत्रू. निकेलाइन आणि गर्सडॉर्फाइट या खनिजांत निकेल आणि आर्सेनिक एकत्रच असतात, त्यामुळे ते टाळायचं म्हणजे निकेल सोडून द्यायचं. शिवाय निकेल सल्फाइडचं कॉन्सन्ट्रेट घेणारे स्मेल्टर जगात मोजकेच आहेत. तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटसारखी खुली, स्पर्धेची बाजारपेठ इथे नाही, त्यामुळे भावतावात खाणीची बाजू दुबळी असते.

कमी ग्रेडचा साठा वाईटच, असं मी म्हणत नाही. फिनलंडमधली केवित्सा खाण २०१२ पासून चालू आहे. तिचं निकेल ०.३ टक्क्यांच्याही खाली आहे, पण सोबत तांबं, प्लॅटिनम आणि पॅलेडियम आहे, आणि तिथे साठा सांगताना सल्फाइडमधलं निकेल स्वतंत्र दाखवलं जातं. ऑस्ट्रेलियातलं माउंट कीथ सुमारे ०.६ टक्क्यांच्या विखुरलेल्या सल्फाइडवर अनेक वर्षं चाललं. भाव पडल्यावर मालक कंपनीने तिथलं सगळं निकेलचं काम ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबवलं. फिनलंडमध्येच तालविवाराने ०.२ टक्क्यांच्या आसपासच्या काळ्या शिस्ट खडकावर जिवाणूंच्या मदतीने ढिगांतून निकेल विरघळवण्याचा प्रयोग २००८ मध्ये सुरू केला. अतिवृष्टीने पाण्याचा ताळमेळ बिघडला, नोव्हेंबर २०१२ मध्ये जिप्समच्या तलावाची गळती झाली आणि २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इतक्या कमी ग्रेडवर चुकीला जागाच नसते, आणि म्हणूनच त्या ग्रेडचे आकडे सर्वांत काटेकोर हवेत.

लॅटेराइटचं, म्हणजे उष्ण-दमट हवामानात खडक झिजून बनलेल्या निकेलयुक्त मातीचं, शास्त्र वेगळं आहे, तरी तिथेही नुसता ग्रेड दिशाभूल करतो. जगातल्या निकेल साठ्यांचा मोठा भाग लॅटेराइटमध्ये आहे. वरचा लिमोनाइट थर साधारण १ ते १.५ टक्क्यांचा, लोखंडाने भरलेला. तो सुमारे २५० अंश सेल्सियस तापमानाला आणि ४० वातावरणांच्या आसपासच्या दाबाखाली सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. खालचा सॅप्रोलाइट दोन टक्क्यांच्या आसपासचा, मॅग्नेशियमयुक्त. तो विजेच्या भट्टीत वितळवून फेरोनिकेल ही लोखंड-निकेलची मिश्रधातू करतात. या दोन थरांचे टन एकत्र मिळवून सरासरी ग्रेड देणं म्हणजे दोन वेगळ्या कारखान्यांचा कच्चा माल एका ताटात वाढणं. आम्लाच्या मार्गात निकेलच्या टक्क्याइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे टनामागे लागणारं आम्ल. ते बऱ्याचदा २०० ते ४०० किलो असतं, आणि खनिजातलं मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम वाढलं की वाढतं. दुसरी खुबी ओलाव्याची. लॅटेराइटमध्ये ३० ते ४० टक्के पाणी असू शकतं. साठा कोरड्या टनांत सांगतात, पण खोदायचे आणि वाहायचे असतात ओले टन. खर्च कोणत्या टनावर काढला आहे ते तपासा.

या कारखान्यांचा इतिहास आशावादी आकड्यांबद्दल सावध करणारा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या अखेरीस मरिन मरिन, कॉझ आणि बुलाँग हे तीन आम्ल-दाब प्रकल्प उभे राहिले. बुलाँग आणि कॉझ टिकले नाहीत आणि मरिन मरिनला ठरवलेली क्षमता वर्षानुवर्षं गाठता आली नाही. तिथलंच रेव्हन्सथॉर्प दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्चून २००८ मध्ये सुरू झालं, जानेवारी २००९ मध्ये बंद पडलं आणि पुढे ३४ कोटी डॉलरला विकलं गेलं. अशा प्रकल्पाच्या अहवालात पहिल्या दोन वर्षांतच पूर्ण क्षमता धरलेली असेल तर तो तक्ता स्वतः पुन्हा मांडावा.

प्लॅटिनम गटाच्या धातूंकडे वळू, कारण समतुल्य ग्रेड फुगवण्यात त्यांचा हात मोठा असतो. '४ ग्रॅम' म्हटलं की आधी विचारावं, कशाचे? दक्षिण आफ्रिकेत '४ई' म्हणजे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि सोनं यांची बेरीज. यात पॅलेडियम किती आणि ऱ्होडियम किती यावर सगळी किंमत ठरते. ऱ्होडियम २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेलं आणि २०२३ च्या मध्यापर्यंत ५,००० च्या खाली आलं. पॅलेडियमने मार्च २०२२ मध्ये ३,००० ओलांडले आणि २०२४ च्या सुरुवातीला ते १,००० च्या खालीही गेलं. शिखरावरचे भाव धरून काढलेला समतुल्य ग्रेड भाव उतरल्यावर निरर्थक ठरतो, पण तो कंपनीच्या जुन्या सादरीकरणात तसाच राहतो. ऱ्होडियमच्या मोजणीतही एक मेख आहे. शिशाच्या अग्निपरीक्षेत, म्हणजे नेहमीच्या फायर अ‍ॅसेमध्ये, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि सोनं नीट पकडले जातात. ऱ्होडियम, रुथेनियम, इरिडियमसाठी निकेल सल्फाइडमध्ये गोळा करण्याची पद्धत लागते. ऱ्होडियमचा आकडा दिला असेल तर पद्धत वाचावी. दिला नसेल तर तो शेजारच्या खाणीच्या प्रमाणावरून अंदाजलेला आहे का हे पाहावं.

थराची जाडी हा दुसरा मुद्दा. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डमधल्या मेरेन्स्की किंवा यूजी२ सारखे थर बऱ्याच ठिकाणी एक मीटरहून पातळ आहेत. ८० सेंटिमीटरचा ६ ग्रॅमचा थर काढायला १२० सेंटिमीटर उंचीचं खोदकाम करावं लागलं आणि वरखालचा खडक रिकामा असला तर कारखान्यात ४ ग्रॅमच पोचतात. पॉटहोल, म्हणजे थर अचानक खचून नाहीसा होण्याच्या जागा, आणि भ्रंश यांमुळे क्षेत्रफळातला मोठा वाटा वगळावा लागतो. हा भूवैज्ञानिक तोटा अहवालात किती धरला आहे ते शोधा. यूजी२ हा मुळात क्रोमाइटचा थर असल्याने कॉन्सन्ट्रेटमधलं क्रोमियम ऑक्साइड काही टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर भट्टीत ते साचतं. पृष्ठभागाजवळच्या ऑक्सिडीकरण झालेल्या भागात फ्लोटेशनची रिकव्हरी पार कोसळते, आणि पहिली उघडी खाण नेमकी तिथेच असते.

बोअरच्या निकालांचं वाचनही इथेच शिकून घ्यावं. 'सोनं, २० मीटर, २.१ ग्रॅम, त्यात १ मीटर ३८ ग्रॅम' असं लिहिलं असेल तर २० गुणिले २.१ म्हणजे ४२. त्यातून ३८ वजा. उरलेल्या १९ मीटरला ४, म्हणजे मीटरमागे ०.२१ ग्रॅम. साठा आहे तो एक मीटरचा. लांबी खरी जाडी आहे का हेही पाहा. खनिजपट्ट्याशी २० अंशांचा कोन करून गेलेल्या बोअरचे ३० मीटर म्हणजे प्रत्यक्षात १० मीटर. निकेलच्या बाबतीत घनतेचाही प्रश्न येतो. भरीव सल्फाइडची घनता ४ च्या वर असते, विखुरलेल्या खनिजाची ३ च्या आसपास. घनतेचं वजन न लावता काढलेली सरासरी चुकते. नमुन्यांत प्रमाणित नमुने, कोरे नमुने आणि दुबार नमुने घातले आहेत का, आणि अर्धा कोअर, म्हणजे बोअरमधून निघालेला खडकाचा दांडा, जपून ठेवला आहे का, हे विचारण्यात संकोच नको. इंडोनेशियातल्या बुसांग इथे ब्रे-एक्स कंपनीने जवळजवळ सगळा कोअर दळून टाकला होता, त्यामुळे पडताळणीला काहीच उरलं नव्हतं. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये उघड झालं ते दुसऱ्यांनी पुन्हा बोअर घेतल्यावरच. एनआय ४३-१०१ ही नियमावली त्या प्रकरणानंतर, २००१ मध्ये आली.

माझ्या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला: सुरुवातीच्या टप्प्यावर धातुविज्ञानाची चाचणी नसतेच, मग अनेक धातूंच्या साठ्यांची तुलना कशी करायची? तेव्हा प्रत्येक धातूचा ग्रेड वेगळा छापावा, एवढंच उत्तर पुरेसं आहे. पाच आकडे वाचायला कुणाला कष्ट पडत नाहीत. आणि चाचणी नसते हे कारणही लंगडं आहे. रफर, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, फ्लोटेशनची एक चाचणी एक-दोन किलो नमुन्यात होते आणि सल्फाइड निकेलची चाचणी काही ग्रॅममध्ये. शेकडो मीटर बोअर घेण्याच्या खर्चापुढे तो खर्च नगण्य आहे. ती केली जात नाही तेव्हा उत्तर काय येईल याची कल्पना असते, असं मानायला जागा उरते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नियम कडक केले तर छोट्या शोध कंपन्यांना भांडवल मिळणार नाही आणि नवे साठे सापडणं थांबेल. इतिहास याच्या उलट सांगतो. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये पोसायडनने विंडारा इथे निकेल सापडल्याचं जाहीर केलं आणि शेअर ८० सेंटच्या आसपासून फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरवर गेला. आसपासच्या किती तरी कंपन्यांनी एकही खाण न काढता लोकांचा पैसा उचलला. त्या पडझडीनंतर १९७१ मध्ये साठ्यांच्या अहवालांसाठी संयुक्त समिती नेमली गेली आणि १९८९ मध्ये जॉर्क संहिता आली. त्यानंतरही ऑस्ट्रेलिया शोधकामासाठी भांडवल उभारण्याच्या प्रमुख जागांपैकी एक राहिला. खोट्या आशेवर उभारलेला पैसा चांगल्या प्रकल्पाकडून वाईट प्रकल्पाकडे वळतो. खऱ्या सल्फाइडवर बोअर घेणारी कंपनी त्यात मागे पडते.

नियामकांनी मागावं ते असं. समतुल्य ग्रेड छापायचा असेल तर त्याच वाक्यात एकूण निकेलसोबत सल्फाइड निकेल. प्रत्येक धातूची चाचणीतून निघालेली रिकव्हरी आणि ती किती नमुन्यांवर काढली याची संख्या. स्मेल्टर किती धातूचे पैसे देईल याची, करार गुप्त असेल तर किमान मर्यादेच्या स्वरूपात, माहिती. आणि गेल्या तीन वर्षांच्या सरासरीहून जास्त भाव धरला असेल तर सरासरी भावाने काढलेला दुसरा आकडा. निकेल २०२३ च्या सुरुवातीला टनाला ३०,००० डॉलरच्या आसपास होतं, २०२४ च्या अखेरीस १६,००० च्याही खाली. इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात पुन्हा बंद केली, देशातच भट्ट्या उभ्या केल्या, आणि आता जगातल्या खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक तिथून येतं. या पुरवठ्याआधीच्या भावावर बेतलेला कोणताही अहवाल नव्या भावाने पुन्हा मांडायलाच हवा.

वेळेचाही हिशेब धरा. कॅनडातला व्हॉयझीज बे हा गेल्या काही दशकांतला सर्वोत्तम निकेल शोधांपैकी एक. सापडला १९९३ मध्ये, त्यासाठी इन्को या निकेल कंपनीने १९९६ मध्ये ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले आणि उत्पादन सुरू झालं २००५ मध्ये. बारा वर्षं. साधारण प्रकल्पाला याहून कमी लागतील असं मानू नये, आणि या काळात छोटी कंपनी दर एक-दोन वर्षांनी नवे शेअर काढते. आज एका शेअरमागे जितका धातू दिसतो, तितका उत्पादनाच्या दिवशी राहणार नाही.

सह-धातूंच्या बाबतीत शेवटची तपासणी करारांची. मौल्यवान धातूंचं भावी उत्पादन आगाऊ पैसे घेऊन स्ट्रीमिंग कंपन्यांना विकलेलं असू शकतं. व्हाले या खाण कंपनीने २०१३ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या ठरावीक खाणींतल्या सोन्यापैकी ७० टक्के सोनं २० वर्षांसाठी असंच विकलं. असा करार असलेल्या साठ्यात समतुल्य ग्रेडमध्ये मिळवलेले पॅलेडियम, प्लॅटिनम किंवा सोनं भागधारकाचं नसतंच. वरच्या उदाहरणात ते दोन धातू काढून टाका: १७.८ डॉलरचे १४.४ होतात, आणि १५.८ च्या खर्चापुढे खाण टनामागे १.४ डॉलर तोट्यात जाते. हा करार वार्षिक हिशेबांच्या टिपांत, स्थगित उत्पन्नाच्या शीर्षकाखाली सापडतो. तो वाचून झाल्यावर कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला एक पत्र लिहावं आणि मथळ्यात नाव घेतलेल्या बोअरचेच गंधक आणि सल्फाइड निकेलचे मीटरवार आकडे मागावेत. ते आले नाहीत तर समतुल्य ग्रेड बाजूला ठेवून, निकेलपैकी एक तृतीयांशच मिळेल असं धरून वरचं गणित पुन्हा करावं, आणि शेअर घ्यायचा की नाही ते त्या उत्तरावर ठरवावं.